नकाशावरील मापाचें मूळ

ऋषीचें कूळ व नदीचें मूळ शोधूं नये, अशी आपणांत जुनी म्हण आहे. ऋषि व नदी यांच्यापुरती ती खुशाल खरी असो. परंतु शेताच्या नकाशावर लिहिलेल्या मापाचें मूळ मात्र शेतकऱ्यानें अवश्य शोधलें पाहिजे. नकाशावरील आंकडा हा कोणीतरी, केव्हांतरी, कशावरून तरी लिहिलेला असतो. ज्याच्या बांधाचा, विहिरीचा किंवा विक्रीचा प्रश्न त्या आंकड्यावर अवलंबून आहे, त्यानें हीं तीन 'तरी' काढून टाकून त्यांच्या जागीं मनुष्य, वर्ष व साधन यांचीं नांवें घातल्याशिवाय स्वस्थ बसूं नये.

हा विषय नवा नाहीं. परंतु अलीकडे त्याची निकड फार वाढली आहे. पूर्वी नकाशा हातानें काढीत, तेव्हां त्यावरील खाडाखोड, शाईचा रंग व अक्षराचें वळण पाहून जाणता मनुष्य कांहीं अनुमान करीत असे. आतां नकाशे संगणकावर निघतात. सर्व रेषा सारख्याच काळ्या, सर्व आंकडे सारख्याच सुबक अक्षरांत. मोजून आलेलें माप कोणतें, कागदावरून उचललेलें कोणतें व नुसतें टंकून ठेवलेलें कोणतें, हें वरवर पाहून कोणासही सांगतां यावयाचें नाहीं. सबब तें ओळखावें कसें, याचा विचार आज वाचकांपुढें ठेवीत आहों.

एक जमीन, अनेक कागद

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर हीं नांवें उच्चारलीं असतां आज डोळ्यांपुढें आगगाडीचीं स्थानकें व उंच इमारती येतात. परंतु महसुलाच्या दप्तरांत तीं अद्याप गांवेंच आहेत. साष्टी बेटांतील हा मुलूख पूर्वी ठाणें जिल्ह्यांत होता. १९२० सालीं मुंबई उपनगर जिल्हा निराळा करण्यांत आला. १९५० सालीं पश्चिमेस जोगेश्वरीपर्यंतचा व पूर्वेस भांडुपपर्यंतचा भाग, आणि १९५७ सालीं दहिसर व मुलुंडपर्यंतचा भाग बृहन्मुंबईच्या हद्दींत आला. पुढें १९९० सालीं अंधेरी, बोरिवली व कुर्ला या तीन तालुक्यांचा उपनगर जिल्हा पुनः स्थापन झाला. मुलुंड व घाटकोपर हीं त्यांपैकीं कुर्ला तालुक्यांत मोडतात.

या सर्व फेरफारांत जमीन जागची हलली नाहीं. कागद मात्र वाढत गेले. एकाच तुकड्यास जुना सर्व्हे नंबर व हिस्सा नंबर असतो. नगर भूमापनाचा क्रमांक, ज्यास लोक 'सी. टी. एस. नंबर' म्हणतात, तो निराळा असतो. सात-बाराच्या उताऱ्यावर एक क्षेत्र, मिळकत पत्रिकेवर दुसरें, आणि वास्तुशास्त्रज्ञानें संगणकावर काढून दिलेल्या आराखड्यांत तिसरें, असा प्रकार येथें नित्य आढळतो. गोराई, मनोरी यांसारख्या खाडीपलीकडील गांवांत जे थोडीबहुत शेती अद्याप राखून आहेत त्यांस, आणि ज्यांच्या वाडवडिलांचीं भातखाचरें आतां वस्तीखालीं गेलीं आहेत पण ज्यांचा हक्क कागदांत शिल्लक आहे त्यांसही, तीन आंकड्यांपैकीं खरा कोणता हा प्रश्न पडतो. या प्रश्नास एकच सरळ उत्तर आहे: जो आंकडा जमिनीवरील प्रत्यक्ष मोजणीच्या अधिक जवळ असेल, त्यापासून विचारास आरंभ करावा.

पहिलें माप: शंकु, साखळी व टिपण

मुंबई इलाख्यांत शेतवार मोजणीचा पहिला मोठा प्रयत्न १८२७-२८ च्या सुमारास पुणें जिल्ह्यांत प्रिंगल साहेबांनीं केला. तो हिशेबांत फार बारीक, पण मोजणींत सदोष व आकारणींत जड ठरल्यामुळें सोडून द्यावा लागला. त्यानंतर १८३५ सालीं इंदापूर तालुक्यांत गोल्डस्मिड व विंगेट यांनीं नव्यानें आरंभ केला, आणि १८४७ च्या संयुक्त अहवालानें या पद्धतीचे नियम ठरून गेले. सर्व्हे नंबर, हद्दीचे दगड, जमिनीची प्रतवारी व तीस वर्षांची मुदत हीं सर्व तिचींच अंगें होत. पुढें ती ठाणें जिल्ह्यांत, व त्या काळीं त्याच जिल्ह्यांत असलेल्या साष्टींतही आली.

या मोजणीचें मुख्य साधन शंकु व साखळी हें होतें. साखळी ३३ फूट लांब व तिचे १६ आणे. शेताच्या आरपार एक मूळ रेषा धरावयाची, तिजवर साखळी टाकीत जावयाचें, आणि बांधाचा प्रत्येक कोपरा ज्या ठिकाणीं त्या रेषेशीं काटकोनांत येतो तेथें शंकु उभा करून कोपऱ्यापर्यंतचा लंब मोजावयाचा. हीं सर्व मापें शेताच्या कच्च्या आकृतीवर जेथल्या तेथें लिहीत. या कागदास 'टिपण' म्हणतात. टिपणावरून क्षेत्राचा हिशेब ज्या वहींत करीत, तें 'गुणाकार बुक'.

साखळीची लांबी ३३ फूट ठेवण्यांत मोठी सोय होती. ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद जागा म्हणजे १,०८९ चौरस फूट, अर्थात् एक गुंठा. आणि चाळीस गुंठ्यांचा एकर. म्हणून साखळ्यांचा गुणाकार केला कीं उत्तर थेट गुंठ्यांत येतें. उदाहरणार्थ, एका चौकोनी शेताची मूळ रेषा १० साखळ्या आहे, तिच्या एका बाजूच्या कोपऱ्याचा लंब ४ साखळ्या ८ आणे व दुसऱ्या बाजूचा ३ साखळ्या आहे असें समजूं. दोन लंबांची बेरीज साडेसात. तिचा दहांशीं गुणाकार पंचाहत्तर. त्याचें निम्में साडेसदतीस. म्हणजे क्षेत्र ३७ गुंठे ८ आणे. ज्यास टिपणाची नक्कल मिळाली आहे, त्यास हा हिशेब घरीं बसून पाटीवर तपासतां येतो. मापाचें मूळ सांपडलें म्हणजे काय, तें यावरून ध्यानांत येईल: ज्या क्रियेतून आंकडा जन्मला, ती क्रिया पुनः करून पाहतां आली पाहिजे.

टिपणासंबंधीं एक गोष्ट पक्की लक्षांत ठेवावी. टिपण हें प्रमाणांत काढलेलें नसतें. त्यावर फूटपट्टी लावून मोजणें व्यर्थ होय. तेथें आंकडा राजा व रेषा त्याची चाकर आहे. रेषा वांकडी असली तरी चालेल, आंकडा खरा. याच्या उलट गांवनकाशा. तो प्रमाणांत असतो, पण त्यावर बहुधा बांधांचीं मापें लिहिलेलीं नसतात. तेथें रेषा राजा असून आंकडा तिजपासून पट्टीनें काढून घ्यावा लागतो. आंकड्यावरून रेषा, कीं रेषेवरून आंकडा, हा भेद ज्यास कळला, त्यास पुढील सर्व विवेचन सोपें जाईल.

साधनाचा दोष मापांत उतरतो

मूळ माप सांपडलें म्हणजे तें निर्दोष असेलच असें नाहीं. लोखंडी साखळी वापरांत झिजते. तिच्या कड्या घासून व ताणून ती लांब होते. ३३ फुटांची साखळी एक इंच वाढली, तर २० साखळ्यांच्या बांधामागें २० इंच जमीन मोजणींतून निसटते. क्षेत्रांत हा दोष दुप्पट होतो: कागदावर एक एकर लिहिलेली जमीन प्रत्यक्षांत सुमारें २२० चौरस फुटांनीं अधिक भरते. शेतांत बी पेरतांना हा फरक जाणवत नाहीं. उपनगरांतील जमिनीच्या व्यवहारांत मात्र तेवढ्यांत एक खोली बसते.

साखळ्यांतही भेद आहे. गंटरची साखळी ६६ फुटांची, एंजिनियर लोकांची १०० फुटांची व आपल्या मोजणीची ३३ फुटांची. जुन्या कागदांत नुसतें 'साखळी' असें लिहिलेलें आढळल्यास ती कोणती, याचा निर्णय आधीं करावा. नाहीं तर लांबी दुप्पट व क्षेत्र चौपट निघेल.

मूळ मापापासून निघालेलीं मापें

टिपण हें मूळ धरलें, तर पुढील कागद त्याची संतति होय. वारसांत किंवा विक्रीनें शेत वांटलें गेलें म्हणजे पोटहिस्स्यांची मोजणी होऊन 'फाळणी'चा नकाशा होतो. १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरणाच्या कायद्यान्वयें ज्या गांवांत योजना झाली, तेथें सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले व गटांचे नकाशे जुन्या नकाशांवरून जुळविण्यांत आले. नगर भूमापनांत प्रत्यक्ष वहिवाट पाहून नव्यानें मोजणी होते. त्यामुळें नगर भूमापनाचें क्षेत्र सर्व्हे नंबराच्या क्षेत्राशीं तंतोतंत जुळत नसेल, तर लगेच कोणी लबाडी केली असें समजूं नये. दोन्ही मापांचीं मुळें निराळीं आहेत, एवढाच प्रथमदर्शनीं त्याचा अर्थ.

प्रमाणांत काढलेल्या नकाशावरून माप घेतांना रेषेची जाडीही हिशेबांत धरावी लागते. मैलास आठ इंच या प्रमाणाचा गांवनकाशा घेतला, तर त्यावरील एक इंच म्हणजे ६६० फूट, अर्थात् २० साखळ्या. अशा नकाशावर बांधाची रेषा मिलिमीटरच्या पांचव्या हिश्शाइतकी बारीक असली, तरी ती जमिनीवर दीड मीटरहून अधिक, म्हणजे पांच फुटांपेक्षां जास्त जागा व्यापते. याउलट पांचशेंस एक या प्रमाणाच्या नकाशावर तेवढीच रेषा दहा सेंटिमीटर भरते. तेव्हां गांवनकाशावर पट्टी लावून शेजाऱ्याशीं तीन फुटांकरितां भांडणारा मनुष्य वास्तविक शाईच्या जाडीकरितांच भांडत असतो. त्यांत पुनः नकलेची नक्कल काढतांना कागद आकसतो किंवा यंत्र आकार किंचित् लहानमोठा करतें. नकाशाच्या कोपऱ्यांत काढलेली प्रमाणपट्टी नकलेबरोबरच आकसते. सबब माप घेणें तें त्या पट्टीशीं ताडून घ्यावें, वर छापलेल्या प्रमाणाच्या शब्दांवर भिस्त ठेवूं नये.

आणखी एक उगम एककांच्या बदलाचा. मेट्रिक मापें १९५६ च्या कायद्यानें आलीं, आणि एकर-गुंठ्यांच्या जागीं हेक्टर-आर लिहिण्याची पद्धत पडली. एक आर म्हणजे १०० चौरस मीटर. एक गुंठा म्हणजे १०१.१७ चौरस मीटर. दोन्ही इतके जवळ आहेत कीं बोलण्यांत लोक एकाच्या जागीं दुसरा सर्रास वापरतात. परंतु २५ गुंठे हे २५ आर नव्हेत, तर २५.२९ आर होत. ही २९ चौरस मीटरांची, म्हणजे सुमारें ३१५ चौरस फुटांची तफावत कोणी मोजली नाहीं व कोणी चोरलीही नाहीं. ती केवळ लेखणीच्या टोंकाशीं जन्मली. अशी तफावत दिसतांच जुन्या आंकड्यास १.०११७ नें गुणून पाहावें. उत्तर जुळलें तर तंटा तेथेंच मिटतो.

संगणकावरील नकाशा व त्याचा आंकडा

आतां नव्या साधनाकडे वळूं. रेषा व आकृति संगणकाच्या पडद्यावर काढण्याची विद्या १९६३ सालीं अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रविद्यालयांत आयव्हन सदरलँड यांनीं 'स्केचपॅड' या नांवानें प्रथम ठळकपणें दाखविली. १९८२ सालीं 'ऑटोकॅड' ही प्रणाली निघाली, आणि पुढें एंजिनियर, वास्तुशास्त्रज्ञ व मोजणीदार यांच्या कचेऱ्यांत तिचा प्रसार झाला. या प्रकारच्या प्रणालींस सामान्यतः 'कॅड' म्हणतात. शेतकऱ्याचा तिच्याशीं संबंध दोन वाटांनीं येतो: एक, जमिनीचा आराखडा, व दुसरी, अवजारांचें किंवा शेडच्या सांगाड्याचें चित्र.

कॅडमधील नकाशावर दोन बाणांच्या मध्यें लिहिलेला लांबीचा आंकडा तीन प्रकारें आलेला असूं शकतो. पहिला प्रकार असा कीं, आंकडा रेषेस बांधलेला असतो. रेषेचें टोंक हलविलें कीं आंकडा आपोआप बदलतो. ऑटोकॅडमध्यें ही सोय २००२ या आवृत्तीपासून पक्की झाली. दुसऱ्या प्रकारांत संगणकानें मोजलेला आंकडा झांकून त्यावर मनुष्यानें आपल्या हातानें दुसरा आंकडा टंकलेला असतो. रेषा कितीही हलवा, तो तसाच राहतो. तिसऱ्या प्रकारांत मापाची जोडणीच फोडलेली असून आंकडा म्हणजे केवळ अक्षरें उरलेलीं असतात; त्यांचा रेषेशीं कांहीं संबंध नसतो.

छापील कागदावर हे तीनही अगदीं सारखे दिसतात. म्हणून आराखडा स्वीकारण्यापूर्वीं तो काढणाऱ्याच्या शेजारीं बसून पडद्यावर पुढील परीक्षा करून घ्यावी. आंकड्यावर बोट ठेवून त्याचे गुणधर्म उघडावयास सांगावें. त्या यादींत 'मेझरमेन्ट' या नांवापुढें संगणकानें मोजलेली लांबी असते, आणि 'टेक्स्ट ओव्हरराइड' या नांवापुढें मनुष्यानें टंकलेला मजकूर असतो. ही दुसरी जागा रिकामी असेल, तर आंकडा रेषेवरून आला आहे. तेथें कांहीं लिहिलेलें असेल, तर दोन्ही ताडून पाहावे व फरक असल्यास त्याचें कारण विचारावें. मापाच्या आंकड्यास एखादा गुणक लावलेला आहे काय, हेंही त्याच यादींत दिसतें. फूट व मीटर यांच्या मिश्रणांतील पुष्कळ चुका या गुणकांत दडलेल्या असतात. आंकड्यावर बोट ठेवल्यास अशी यादी न येतां नुसतीं अक्षरें हातास लागलीं, तर तो तिसऱ्या प्रकारचा समजावा. शेवटीं नकाशाची दुसरी प्रत घेऊन तींत रेषेचा कोपरा थोडा ओढून पाहावा: आंकडा हलला तर तो जिवंत, न हलला तर मृत.

टंकलेला आंकडा नेहमीं खोटाच असतो, असें मात्र समजूं नये. जुन्या टिपणांतील माप जसेंच्या तसें राखावें म्हणून प्रामाणिक आरेखकही तें हातानें लिहितो. टिपणांत जसा आंकडा राजा, तसाच तेथेंही तो राजा असतो. मात्र अशा वेळीं 'टिपणावरून' अशी टीप शेजारीं पाहिजे. टीप नसलेला टंकलेला आंकडा निनांवी पत्रासारखा मानावा.

अवजारांच्या चित्रांत हाच भेद अधिक स्पष्ट आहे. 'सॉलिडवर्क्स' यांसारख्या प्रणालींत आधीं वस्तूची घनाकृति तयार करतात व मागाहून तिजवरून कागदी चित्र काढतात. नांगराच्या फाळाची रुंदी ज्या मापानें घडविली, तेंच माप चित्रांत उतरवून घेतलें असेल, तर तें मूळ माप होय. तें बदललें कीं फाळच बदलतो. चित्र पुरें झाल्यावर आरेखकानें दोन कडांमधील अंतर मागाहून लिहिलें असेल, तर तें केवळ निरीक्षण होय. त्या प्रणालींत मूळ मापाच्या पूर्ण नांवांतच त्याचें कूळ सांगितलेलें असतें: प्रथम मापाचा क्रमांक, मग तें ज्या आकृतींत जन्मलें तिचें नांव, व शेवटीं त्या भागाचें नांव. सामान्यतः मूळ मापें काळ्या रंगांत व मागाहून घातलेलीं करड्या रंगांत दिसतात. लोहाराकडे किंवा कारखान्यांत चित्र देऊन अवजार घडवून घेणाऱ्यानें, 'हें माप बदललें तर वस्तु बदलेल काय?' एवढें एकच विचारलें तरी पुरे आहे.

दशांशचिन्हास भुलूं नये

संगणकाविषयीं सर्वांत मोठा भ्रम त्याच्या बारकाईचा आहे. तो लांबी २७.४३८ मीटर अशी सांगतो, आणि मिलिमीटरापर्यंत उत्तर आलें म्हणून मनुष्य निःशंक होतो. परंतु आंकडा रेषेवरून आला हें सिद्ध झालें, तरी रेषा कोठून आली हा प्रश्न उरतोच. ती रेषा जुन्या गांवनकाशाचें छायाचित्र पडद्यावर ठेवून त्यावरून गिरविलेली असेल, तर वर सांगितल्याप्रमाणें तींत पांच फुटांची संदिग्धता आधींच मुरलेली आहे. तिच्यावरून काढलेले तीन दशांश म्हणजे चिखलाच्या भिंतीस सोन्याचा मुलामा.

तीच रेषा जर 'टोटल स्टेशन' या प्रकाशकिरणांनीं अंतर मोजणाऱ्या यंत्रानें, किंवा उपग्रहांच्या संकेतांवर चालणाऱ्या 'रोव्हर'नें शेतांत उभें राहून घेतलेल्या बिंदूंवरून काढलेली असेल, तर तिचें मूल्य निराळें. भूमि अभिलेख खात्याच्या मोजणींत हीं साधनें आतां वापरांत आहेत. तरीसुद्धां यंत्रानें बिंदु अचूक घेतला, म्हणजे हद्दीचाच बिंदु घेतला असें होत नाहीं. मोजणीदार जेथें उभा राहिला तेथें हद्दीचा दगड होता, कीं शेजाऱ्यानें सरकविलेला बांध होता, हें यंत्र सांगूं शकत नाहीं. तें फक्त त्या वेळीं हजर असलेला शेतकरीच सांगूं शकतो. म्हणून मोजणीची नोटीस आली असतां गैरहजर राहण्यासारखी दुसरी मोठी चूक नाहीं.

उंचीचें मूळ

लांबीरुंदीप्रमाणें उंचीसही मूळ असतें, आणि खाडीकांठच्या खाजणांत तें विसरणें घातक होय. मुंबईच्या पालिकेच्या जलनिस्सारणाच्या नकाशांत उंची 'टाऊन हॉल डेटम' या मूळावरून देण्याची जुनी रीत आहे. हें नांव कोट भागांतील ज्या टाऊन हॉलवरून पडलें, त्यांत आज एशियाटिक सोसायटी आहे. या मोजमापाचें शून्य समुद्रसपाटीवर धरलेलें नसून तिच्याहून पुष्कळ खालीं धरलेलें आहे. त्यामुळें अशा नकाशांत एखाद्या सखल जागेपुढें २७ मीटर असें वाचून ती भरतीच्या पाण्यापासून निर्भय आहे असें समजणारा फसेल. दुसऱ्या नकाशांत त्याच जागेची उंची समुद्रसपाटीपासून दिलेली असेल व ती अवघी कांहीं मीटर भरेल. बांध किती उंच घालावा, उघाडीचें तोंड कोठें ठेवावें, हें ठरविण्यापूर्वीं 'ही उंची कोणत्या शून्यापासून?' हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

शेतकऱ्यानें काय करावें

वरील विवेचनाचा सारांश व्यवहारांत आणावयाचा तर पुढील क्रम धरावा.

पहिली गोष्ट, घरांतील सर्व कागद वर्षवारीनें लावावे, आणि प्रत्येकावरील क्षेत्र व त्याचें एकक एका कोऱ्या कागदावर उतरून घ्यावें. कोठें फरक पडला तें वर्ष यावरून लगेच दिसतें. त्या वर्षीं वांटणी, विक्री, रस्त्याकरितां संपादन, एककांचा बदल किंवा नवी मोजणी यांपैकीं काय झालें, तें फेरफाराच्या नोंदींवरून शोधावें.

दुसरी गोष्ट, भूमि अभिलेख कचेरींतून टिपण, गुणाकार बुक व फाळणी यांच्या नकला, आणि नगर भूमापनाचा क्रमांक पडला असल्यास नगर भूमापन अधिकाऱ्याच्या कचेरींतून मिळकत पत्रिका व नकाशा, रीतसर अर्ज करून घ्यावा. इंटरनेटवर दिसणारा नकाशा माहितीपुरता उपयोगी आहे. हद्दीच्या तंट्यांत त्यावर विसंबूं नये.

तिसरी गोष्ट, हद्दीचा वाद असल्यास सरकारी मोजणी मागावी, लगतच्या खातेदारांस नोटीसा पोंचल्या कीं नाहीं तें पाहावें, आणि मोजणीनंतर मिळणारी नकाशाची 'क' प्रत जपून ठेवावी. मोजणी मान्य नसेल, तर तिजवर निमताना मोजणी मागण्याची सोय आहे. परंतु निमताना मागतांना 'माप चुकलें' एवढेंच मोघम न म्हणतां, कोणतें माप, कोणत्या मूळ कागदाशीं, कितीनें विसंगत आहे, तें लिहावें. मूळ दाखविणाऱ्या अर्जाकडे अधिकाऱ्यास दुर्लक्ष करणें कठीण जातें.

चौथी गोष्ट, खाजगी आरेखकाकडून संगणकावर आराखडा काढून घेतांना कामाच्या आरंभींच अट घालावी कीं, प्रत्येक मापाशेजारीं त्याचा उगम थोडक्यांत लिहिला जावा: 'टिपणावरून', 'जागेवर मोजून', 'गांवनकाशावरून गिरवून', 'हिशेबानें'. तसेंच छापील कागदाबरोबर संगणकीय मूळ प्रतही मागून घ्यावी. कागदावर मृत आंकडा ओळखतां येत नाहीं. मूळ प्रतींत तो क्षणांत सांपडतो. बांधकाम करून देणाऱ्याशीं किंवा विकत घेणाऱ्याशीं करार करतांनाही क्षेत्राच्या आंकड्यापुढें तो कोणत्या कागदावरून घेतला, तें नमूद करावें.

हें सर्व पाहतां कोणी म्हणेल कीं, एवढी चिकित्सा शिकल्यासवरल्या माणसांनीं करावी. शेतकऱ्यास ती कशी साधावी? आमचें उत्तर असें कीं, बियाणें घेतांना तें कोणाच्या शेतांतलें, बैल घेतांना तो कोणत्या खिल्लारांतला, हें विचारल्याशिवाय जो कधीं पैसा सोडीत नाहीं, त्यास मापाचें कूळ विचारणें जड जाण्याचें कारण नाहीं. तेथें जी संवय हाडांत भिनली आहे, तीच येथें लावावयाची आहे. उपनगरांतील जमीन आतां गुंठ्यांवर नव्हे तर फुटांवर मोजली जाते, आणि एकदां भिंत उभी राहिली म्हणजे ती हलविण्यास कोर्टाची पायरी चढावी लागते. भिंतीचा पाया खणण्यापूर्वीं आंकड्याचा पाया खणून पाहावा. त्यास खर्च थोडा, वेळ थोडा, आणि लाभ पुढील पिढ्यांपर्यंत पुरणारा आहे.